मसाला लावून किती वेळ ठेवायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात तव्यावरच्या माशांबद्दल लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की माशाला आंबट लावून रात्रभर ठेवू नका, आणि त्या एका वाक्यावरच इतके मेसेज आलेत की या महिन्याचं सदर त्यालाच दिलंय. बहुतेकांचं म्हणणं एकच, की जितका जास्त वेळ मुरेल तितकी चव आत जाते ना, मग रात्रभर का नको? मला ते पटत नाही. मासा, मटण, कोंबडी, सुरण, वांगं, प्रत्येकाचा वेळ वेगळा आहे आणि वेळेपेक्षाही आधी काय लावायचं आणि मागनं काय, हे जास्त महत्त्वाचं आहे. प्रश्न थोडे आटोपशीर करून छापतेय.

प्रश्न: ताई, आम्ही सुरमईला आदल्या रात्रीच लिंबू, आलं-लसूण, तिखट, मीठ सगळं चोळून फ्रीजमध्ये ठेवतो, सकाळी डब्याची घाई असते म्हणून. पण तळताना रवा सुटून तव्यावर जळतो, तुकडा उलटताना मोडतो आणि आतून कोरडा लागतो. मासेवाली बदलून बघितली तरी तेच. (वाचक, ठाणे)

उत्तर: मासेवालीकडे परत जा, तिचा काही दोष नाही. हे लिंबाचं काम आहे. माशाचं मांस मटणासारखं चिवट धाग्यांनी बांधलेलं नसतं, फार नाजूक असतं, त्याला आंबट लागलं की ते विस्तवाशिवायच शिजायला लागतं. सकाळी डबा उघडल्यावर तुकडा काठाकाठाने पांढरट, दुधाळ झालेला दिसत असेल बघा, तो शिजलेला भाग आहे, आणि तोच तुम्ही परत तव्यावर टाकताय म्हणजे दोनदा शिजवताय, मग कोरडा होणार नाहीतर काय.

रवा सुटतो तो पाण्यामुळे. मीठ लागलं की माशाला पाणी सुटतं आणि रात्रभरात ते पाणी मसाल्यात मिसळून सगळं पातळ होतं, त्यावर रवा बसतो खरा पण तव्यावर वाफ झाली की तो थरच्या थर वर उचलला जातो.

आता असं करून बघा. तुकडे धुवून आधी फक्त हळद आणि मीठ लावा, पंधरा मिनिटं चाळणीत तिरके ठेवा, खाली पाणी पडेल ते फेकून द्या आणि तुकडे स्वच्छ फडक्याने नाहीतर टिश्यूने टिपून घ्या. ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. मग आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण (वाटताना पाणी अगदी नावाला), तिखट किंवा घरचा मालवणी मसाला, आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) किंवा चिंचेचा दाट कोळ, हे लावून वीस-पंचवीस मिनिटं, बास. आगळात मीठ असतंच, त्यामुळे वरनं परत मीठ घालताना हात आखडता घ्या. रवा आणि तांदळाचं पीठ मिसळून ठेवा आणि तुकडा तव्यात सोडायच्या क्षणीच घोळवा, आधी घोळवून ताटात रचून ठेवलेत की परत ओलं.

सकाळची घाई खरी आहे, ती कळते मला. रात्री वाटण तयार करून वेगळ्या डबीत ठेवा, मासा नुसता हळद-मीठ लावून निथळून वेगळा ठेवा, आणि आंबट सकाळी. एवढं केलंत तरी तुकडा मोडणार नाही.

सगळ्या माशांना हे जसंच्या तसं लागू नाही हेही सांगते. बोंबलात इतकं पाणी असतं की त्याला मधनं चिरून उघडून पाट्याखाली किंवा कुठल्यातरी वजनाखाली दाबून ठेवल्याशिवाय मसाला लावण्यात अर्थच नाही. बांगडा तेलकट आणि उग्र, त्याला दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा देऊन मसाला आत भरावा लागतो, नाहीतर सगळी चव कातडीवरच राहते. कोळंबीला तर दहा मिनिटं पुष्कळ होतात.

प्रश्न: मग आमच्या गोव्यात रेशाद मसाला व्हिनेगर घालूनच करतात की, आणि तो महिना महिना फ्रीजमध्ये असतो. त्यातला बांगडा कधी मोडलेला नाही. तुमचं म्हणणं जरा एकांगी वाटलं. (वाचक, म्हापसा)

उत्तर: छान प्रश्न. पण त्यात महिनाभर काय राहतं ते बघा, मसाला राहतो, मासा नाही. सुक्या लाल मिरच्या, मिरी, जिरं, लसूण, लवंग-दालचिनी, चिंच हे सगळं पाण्याचा थेंब न घालता व्हिनेगरमध्ये वाटलेलं असतं म्हणून ते टिकतं, आणि बांगड्याच्या पोटात ते भरलं जातं तळायच्या थोडंच आधी. तुमच्याकडच्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या बरोबरच करतायत.

व्हिनेगरमध्ये खरोखर मुरवायचा पदार्थ म्हणजे विंदालू. तो पोर्तुगीजांबरोबर आलेला, तिकडे वाइन आणि लसणात डुकराचं मांस ठेवायची रीत होती, गोव्यात त्याला माडाच्या ताडीचं व्हिनेगर मिळालं आणि मिरची मिळाली. पण ते डुकराचं मांस, चरबीवालं, जाड तुकड्यांचं, त्याला एक रात्र व्हिनेगर सहज सोसतं. बांगड्याला सोसणार नाही. आणि विंदालू केल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं हे तर तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न: नमस्कार. बोकडाचं मटण दही लावून अख्खी रात्र ठेवलं तरी चिवट राहतं. कुणी म्हणतं कच्ची पपई घाला, कुणी म्हणतं सुपारी टाका. नक्की काय करावं? कुकरला सहा-सहा शिट्ट्या देऊन वैताग आलाय. (वाचक, सातारा)

उत्तर: काका, सुपारीचं बाजूला ठेवू. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय, मटणाला चव लागणं आणि मटण मऊ होणं.

दही, आलं-लसूण, गरम मसाला हे तुकड्यात फार आत जात नाहीत. काही मिलिमीटर, त्यापलीकडे नाही, मग तुम्ही एक रात्र ठेवा नाहीतर दोन. खोलवर जातं ते मीठ. मीठ मांसात शिरतं आणि मांसाला स्वतःचं पाणी धरून ठेवायला लावतं, त्यामुळे शिजल्यावर तुकडा रसदार राहतो. म्हणून मीठ आधी आणि नीट, किलोला साधारण दोन सपाट छोटे चमचे, हळदीबरोबर चोळून. आमच्याकडे बरेच जण मीठ शेवटी रश्श्यात घालतात आणि मग रस्सा खारट आणि तुकडा अळणी असा प्रकार होतो.

आता चिवटपणा. मांडी, खांदा, नळी, हे जनावराचे सतत हलणारे भाग, तिथे मांसाला बांधून ठेवणारे पांढरे धागे भरपूर असतात आणि ते फक्त उष्णतेने आणि सावकाश विरघळतात. दह्याने ते विरघळत नाहीत. त्यामुळे शिट्ट्या मोजण्यापेक्षा एक-दोन शिट्ट्यांनंतर गॅस बारीक करून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, वाफ आपोआप जिरू द्या. जून बोकड असेल तर आणखी. मोठ्या आचेवर भराभर शिट्ट्या काढून घाई केली की मांस आकसतं आणि ते धागे मात्र तसेच राहतात.

अजून एक, ज्याबद्दल फार कोणी बोलत नाही. बोकड कापल्यावर काही तासांत त्याचे स्नायू ताठ होतात आणि थंड जागी साधारण दिवसभरात ते परत सैल पडतात. रविवारी सकाळी दुकानातनं आणलेलं ताजं मटण त्या ताठ अवस्थेत असेल तर तुम्ही काहीही लावा, ते झगडणारच. एक रात्र फ्रीजमध्ये ठेवल्याने मटण सुधारतं असा बऱ्याच घरांचा अनुभव आहे तो खरा आहे, पण श्रेय सगळं दह्याला मिळतं आणि त्यातलं निम्मं तरी या नुसत्या विश्रांतीचं असतं. म्हणून शनिवारी संध्याकाळी आणा, हळद-मीठ चोळून फ्रीजमध्ये ठेवा, आलं-लसूण आणि दही रविवारी सकाळी लावलंत तरी चालेल.

पपई खरंच काम करते. कच्च्या पपईच्या चिकात पपेन असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं, आणि चीक सालाजवळ जास्त म्हणून साल ठेवूनच वाटायची. पण पपई रश्श्याच्या मटणाला लागत नाही, ती कबाबाला, विस्तवावर झटपट भाजायच्या तुकड्यांना लागते. किलोला दोन मोठे चमचे वाटलेली पपई, तास-दोन तास, त्याहून जास्त नको. पपेनचा सगळ्यात जास्त जोर साठ-सत्तर डिग्रीला असतो, म्हणजे तुकडा विस्तवावर तापत असताना ते झपाट्याने काम करतं आणि मग उकळीच्या जवळ गेल्यावर थांबतं. रात्रभर ठेवलंत तर बाहेरून लगदा आणि आतून तसंच. ताज्या अननसाचंही असंच आहे, डब्यातला अननस मात्र आधीच तापवलेला असतो त्यामुळे त्याचा उपयोग शून्य.

कोंबडीला यातलं काही नको. ब्रॉयलरला मीठ-हळद-दही दोन ते चार तास. गावठी कोंबडी असेल तर ती मटणासारखी वागवा.

प्रश्न: आजीचं पितळेचं मोठं पातेलं आहे, त्यात मसाला लावून ठेवलं तर चालेल का? (वाचक, नाशिक)

उत्तर: आतून ताजी कल्हई असेल तर शिजवायला चालेल, पण आंबट लावून तासन्‌तास ठेवायला नको, कळकेल. तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियम तिन्ही टाळा. स्टीलचा डबा, काच, चिनी मातीचं भांडं, यांत ठेवा. प्लॅस्टिकला हळद आणि वास दोन्ही कायमचे लागतात.

प्रश्न: आम्ही शाकाहारी, त्यामुळे हे सदर वाचून दरवेळी वाटतं की आमच्यासाठी काही नाहीच. भाज्यांना मॅरिनेट करून खरंच काही फरक पडतो का? की नुसतं पनीर टिक्क्यापुरतंच आहे ते? (वाचक, डोंबिवली)

उत्तर: अहो असं कसं, कोकणातले काप काय आहेत मग? सुरणाचे, नीरफणसाचे, कच्च्या केळ्याचे, वांग्याचे, सगळे मसाला लावून रव्यात घोळवून तव्यावर, माशासारखेच, आणि नीरफणसाचे काप ज्याने गरम गरम खाल्लेत तो सुरमईची आठवणही काढत नाही. तुमची तक्रार मात्र रास्त आहे, भाज्यांबद्दल मी कमी लिहिलंय, म्हणून इथे जरा सविस्तर.

भाजीत मुरणं म्हणजे मुख्यतः पाणी बाहेर काढणं. कारल्याला मीठ चोळून अर्धा तास ठेवून पिळतो, तेव्हा कडू रस पाण्याबरोबर जातो. वांग्याच्या चकत्यांना मीठ लावून पंधरा मिनिटांनी टिपल्या की त्या तेल कमी पितात आणि मसालाही चिकटून बसतो. सांडगी मिरची घ्या, मिरचीला चीर देऊन मीठ-मसाला भरायचा किंवा ताकात भिजवायची आणि कडक उन्हात वाळवायची, मुरवण्याचा इतका सुंदर प्रकार मांसाहारात दाखवा मला.

सुरणाचं वेगळं आहे. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, घशाला खाज सुटते ती त्यांच्यामुळे, म्हणून सुरण चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात उकळून घ्यायची पद्धत आहे. हाताला तेल लावून चिरा, उकळून पाणी फेकून द्या, मगच हळद-तिखट-मीठ-हिंग लावून अर्धा तास ठेवा. कच्चं सुरण थेट मसाला लावून तळू नका.

आणि एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. आंबटाने मासा शिजतो पण भाजी शिजायची थांबते. भाजीचा कडकपणा ज्या पेक्टिनमुळे असतो ते आंबटात लवकर सुटत नाही, म्हणून तर आमटीत चिंच घातल्यावर मागनं टाकलेला बटाटा काही केल्या मऊ होत नाही. सुरणाला चिंचेच्या पाण्यात वेळ लागतो तोही यामुळेच, तिथे धीर धरायचा. पण बटाटा, फ्लॉवर, गाजर अशा कडक भाज्यांना टिक्क्यासाठी लिंबू-दही लावायचं असेल तर आधी मिठाच्या पाण्यातनं अर्धवट उकडून घ्या. पनीरला आणि अळंबीला वीस मिनिटं पुरतात. दही वापरताना ते फडक्यात बांधून पाणी काढलेलं घ्या, चक्क्यासारखं, आणि त्यात चमचाभर गरम तेलात तिखट आणि हळद कालवून घाला, मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, त्यामुळे कृत्रिम रंग टाकायची वेळ येत नाही.

प्रश्न: ताई, मी हॉस्टेल सोडून फ्लॅट घेतलाय, रविवारी एकदम दोन किलो चिकन आणि थोडे बांगडे आणून मसाला लावून आठवडाभर वापरायचा विचार आहे. चालेल ना? आणि उरलेला मसाला पुढच्या वेळी? (वाचक, पुणे)

उत्तर: चिकनला चालेल, पण फ्रीजरमध्ये, खालच्या कप्प्यात आठवडाभर नाही. हळद, मीठ, आलं-लसूण लावून एका वेळेला लागेल तेवढं वेगवेगळ्या पिशव्यांत भर आणि लगेच फ्रीजरमध्ये टाक. लिंबू, दही, पपई यातलं काही आधी घालू नकोस, ते बर्फ सुटताना काम करत राहतात आणि चिकन पिठूळ होतं. आदल्या रात्री पिशवी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेव, ओट्यावर नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मसाला लावलेलं कच्चं मांस बाहेर तासाभराच्या वर ठेवूच नये, मसाला म्हणजे औषध नव्हे, हळद आणि मीठ लावल्याने जंतू मरतात हा समज मनातनं काढून टाक.

बांगड्याच्या बाबतीत मी जास्त कडक बोलणार आहे. बांगडा, तारली, सुरमई, कुपा हे मासे गरम हवेत पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि एकदा तयार झालं की ते तळून, उकळून, मसाला लावून कशानेही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांध्या उठतात, डोकं दुखतं, आणि लोक म्हणतात माशाची ॲलर्जी आहे. वास आलेल्या माशाला जास्त मसाला लावून खपवायची सवय काही खानावळींना असते, घरी ती कधीही लावून घेऊ नकोस. बाजारातनं आणल्यावर थेट घरी, साफ करून, हळद-मीठ लावून, निथळून फ्रीजरमध्ये.

उरलेला मसाला कच्च्या मांसाला लागलेला आहे, तो डबीत भरून परत वापरायचा नाही. त्याच दिवशी कांदा परतून त्यात घाल, चांगला खदखदा शिजव, रस्सा होईल.

प्रश्न: इथे जर्मनीत ताजे मासे आमच्या गावात मिळत नाहीत, एशियन दुकानात फ्रोझन पापलेट मिळतं. कोकमही नाही. काय करू? (वाचक, श्टुटगार्टजवळ)

उत्तर: कोकम भारतातनं येणाऱ्या कुणाकडूनही मागवा, वाळलेली सोलं हवाबंद डब्यात दीर्घकाळ टिकतात, गरम पाण्यात भिजवून कुस्करलीत की काम झालं. तोवर चिंच. दुकानातली काळी चिंच पेस्ट फार तीव्र असते, पाव चमच्यापासून सुरू करा.

फ्रोझन पापलेट रात्रभर फ्रीजमध्ये सोडवा, पाण्याखाली धरून किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. त्याला ताज्यापेक्षा जास्त पाणी सुटतं, तेव्हा हळद-मीठ लावून निथळण्याची पायरी वीस मिनिटं करा आणि अगदी कोरडं होईतो टिपा. मसाला मग पंधरा मिनिटं पुरे.

प्रश्न: जानेवारीत मित्राच्या गावी, अलिबागजवळ, पोपटी (मडक्यात वाफेवर शिजवायचा बेत) लावायचं ठरलंय. चिकनला दही-मसाला लावून पुण्याहूनच न्यावं म्हणतोय. (वाचक, पिंपरी)

उत्तर: दही नको. पोपटीच्या मडक्यात पाणी घालत नाहीत, तळाला आणि वर भांबुर्ड्याचा (एका वासाच्या रानझुडपाचा) पाला, मध्ये वालाच्या शेंगा, अंडी आणि केळीच्या पानात गुंडाळलेलं चिकन, आणि सगळं आपल्याच वाफेवर शिजतं. दह्याचं पाणी पानातनं गळून शेंगांवर गेलं की शेंगा गिळगिळीत होतात आणि भांबुर्ड्याचा वास दबतो, आणि पोपटीत तर सगळी गंमत त्या वासाची आहे.

चिकन पुण्याहून न्यायचंच असेल तर बर्फाच्या डब्यात, नुसतं मीठ लावून न्या. खरं सांगायचं तर तिथेच घ्या. तुकडे लहान करा, त्यांना चिरा द्या, लसूण-आलं-हिरवी मिरची जाडसर ठेचून, हळद, मीठ आणि थोडं तेल चोळा, तास-दीड तास सावलीत बर्फावर ठेवा. मित्राच्या घरी एखादा स्थानिक मसाला घालत असतील तर तो घालू द्या, त्यांना माहितेय. शेंगांना मात्र जाडं मीठ आणि ओवा, दुसरं काही नाही.

मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र आवाज येऊन ते लगेच उडून गेलं म्हणजे झालं असं गावचे लोक सांगतील, त्यांचं ऐका, पण चिकनची पुडी उघडल्यावर हाडाजवळचा एक तुकडा मोडून बघा. आत गुलाबी दिसला तर पुडी परत बांधून निखाऱ्यावर ठेवा, शेंगा तोवर खायला घ्या.